बांडुंगची सलमान मस्जिद : विद्यापीठ-परिसरातील प्रार्थनागृहाची टिकाऊ रचना

इस्लामी परंपरेत इल्म आणि इबादत यांच्या जागा एकमेकींजवळ राहिल्या आहेत. बहामनी वजीर ख्वाजा महमूद गावान यांनी १४७२ मध्ये बीदर येथे उभारलेल्या मदरशात व्याख्यानकक्ष, ग्रंथालय, अध्यापक-विद्यार्थ्यांच्या खोल्या आणि मस्जिद ही सर्व एकाच वास्तूची अंगे होती. वसाहतकाळात स्थापन झालेल्या अनेक उच्च शिक्षणसंस्थांच्या मूळ आराखड्यात मात्र नमाजसाठी जागा नव्हती. ती नंतर मिळवावी लागली. ती कशी मिळवली आणि कशी बांधली, याचे अभ्यासण्याजोगे उदाहरण म्हणजे इंडोनेशियातील बांडुंग तंत्रज्ञान संस्थेची सलमान मस्जिद होय.

पार्श्वभूमी

डच राजवटीत १९२० मध्ये बांडुंग येथे तंत्रशिक्षणाची संस्था सुरू झाली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले सुकार्नो हे तिचेच स्थापत्य अभियंता पदवीधर. १९५९ मध्ये तिला सध्याचे स्वरूप आले. परिसरात मस्जिद नसल्याने विद्यार्थी व अध्यापक यांनी १९६० मध्ये संस्थेच्या पश्चिम सभागृहात जुम्याची नमाज सुरू केली. १९६४ मध्ये मस्जिदीचा आराखडा सुकार्नो यांच्यापुढे ठेवण्यात आला आणि त्यांनी तिला 'सलमान' हे नाव दिले. हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी इ. स. ६२७ च्या गजवा-ए-खंदकच्या वेळी मदीनेच्या रक्षणासाठी खंदक खणण्याचा सल्ला दिला होता. अभियंत्यांच्या संस्थेस याहून समर्पक नाव क्वचितच सापडले असते. राजकीय उलथापालथीच्या व टंचाईच्या त्या दशकात काम सावकाश चालले. १९७२ मध्ये मस्जिद नमाजसाठी खुली झाली.

रचना व तिच्यामागील विचार

वास्तुरचनाकार अहमद नोएमान (१९२६-२०१६) हे याच संस्थेचे विद्यार्थी व पुढे अध्यापक. कोणता भाग शरीअतने आवश्यक ठरविला आहे आणि कोणता केवळ रूढीने आला आहे, हा त्यांच्या रचनेमागील मूलभूत प्रश्न होता. घुमट ही इमारत बांधण्याची एक रीत आहे, इबादतीची अट नव्हे. मदीनेतील मस्जिद-ए-नबवी आरंभी कच्च्या विटांच्या भिंती, खजुरीच्या खोडांचे खांब आणि झावळ्यांचे छत अशीच होती. म्हणून सलमान मस्जिदीला घुमट नाही. तिचे काँक्रीटचे रुंद छत कडांना वर वळलेले असून मिनार इमारतीपासून वेगळा उभा आहे. मुख्य दालनात एकही खांब नाही, त्यामुळे सफ तुटत नाही. आतील काम लाकडाचे आहे. बांडुंग विषुववृत्ताजवळ असले तरी समुद्रसपाटीपासून सातशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. तेथील गारव्यात दीर्घकाळ बसण्यास लाकडी जमीन सोयीची ठरते.

येथे दख्खनच्या वाचकास एक साम्य जाणवेल. बांडुंगप्रमाणेच बेळगाव-हैदराबादकडेही किब्ला साधारण पश्चिमेस, किंचित उत्तरेकडे आहे. दुपारनंतरचे ऊन त्याच भिंतीवर येते आणि मिहराबची ती भिंत बहुधा बंदच असते. उत्तर-दक्षिण बाजूंना ओसरी व मोठी उघडी दारे ठेवली, तर हवा आरपार खेळते आणि पंख्या-दिव्यांची गरज कमी होते. काँक्रीटच्या निर्मितीस पुष्कळ ऊर्जा लागते, हेही आज विसरता येणार नाही. त्यामुळे अनुकरण करायचे ते सलमानच्या साहित्याचे नव्हे, तर तिच्या विचारपद्धतीचे.

वापर

इमारत टिकते ती वापरामुळेही. सलमान मस्जिद पाच वेळच्या नमाजपुरती राहिली नाही. वसतिगृह, ग्रंथालय, उपाहारगृह आणि अभ्यासवर्ग तिच्याशी जोडले गेले. १९७४ पासून संस्थेचे अध्यापक इमादुद्दीन अब्दुर्रहीम यांनी येथे सुरू केलेली प्रशिक्षण शिबिरे इतर विद्यापीठांतील विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली. १९७८ मध्ये शासनाने त्यांना अटक केली. त्याच सुमारास विद्यापीठांतील राजकीय हालचालींवर निर्बंध आले, तरी मस्जिदीतील अध्ययन थांबले नाही.

निष्कर्ष

आपल्याकडील महाविद्यालयांत प्रार्थनागृहासाठी देणग्या गोळा होतात, तेव्हा पहिली चर्चा बहुधा घुमटाची व संगमरवराची होते. वुजूखान्याचे पाणी कोठून येणार आणि वापरल्यावर कोठे जाणार, हा प्रश्न शेवटी निघतो. वस्तुतः वुजूत वाहत्या नदीकाठीही पाण्याचा अपव्यय करू नये, अशी पैगंबर (स.) यांची शिकवण सांगितली जाते, आणि स्वतः ते एक मुद्द, म्हणजे लिटरभराहून अधिक नाही इतक्या, पाण्यात वुजू करीत. बारीक धारेचे नळ आणि ते पाणी बागेकडे नेणारी नाली यांचा खर्च घुमटाच्या मानाने किरकोळ आहे. प्रार्थनागृहाच्या आराखड्याची चर्चा वुजूखान्यापासून सुरू झाली, तर तेवढ्याच निधीत खांबविरहित दालन, सावलीची ओसरी आणि शेजारी एखादी वाचन-खोली यांचाही विचार करता येईल.