रोहिण्यांतील चुना



हिंगोली जिल्ह्यांतील औंढ्याचें नागनाथाचें देऊळ आपणांपैकीं अनेकांनीं पाहिलें असेल. यादवकाळांतील त्या हेमाडपंती बांधणींत काळे पाषाण चुन्यावांचून एकमेकांत बसविलेले आहेत. आपल्या हाडांचें तसें नाहीं. कॅल्शियम, म्हणजे चुन्यांतील धातु, आणि फॉस्फेट यांच्या कणांवांचून त्यांना बळकटी येत नाहीं. परंतु हाडांत शोभणारा हाच चुना हृदयापासून रक्त नेणाऱ्या रोहिण्यांच्या भिंतींत जमूं लागला, म्हणजे त्या ताठर होतात. तो तेथें कसा जमतो, या प्रश्नाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

हा विकार आजकालचा नव्हे. मिसर देशांत हजारों वर्षें जतन झालेल्या प्रेतांच्या रोहिण्यांतही असा चुना असल्याचें मार्क आर्मंड रफर यांनीं १९११ सालीं दाखवून दिलें. पाणी तापविण्याच्या बंबांत क्षारांचीं पुटें धरतात, तद्वत् वार्धक्यांत रोहिण्यांत चुना आपोआप सांचतो, अशी वैद्यांची समजूत पुष्कळ काळ होती. बर्लिनच्या रूडॉल्फ फिर्खो यांनीं मात्र १८५८ सालच्या व्याख्यानांतच वेगळें मत मांडलें होतें. कित्येक ठिकाणीं हें नुसतें सांचणें नसून खरोखर हाड बनणें आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. त्या म्हणण्याचें मर्म ध्यानीं येण्यास शतकाहून अधिक काळ लोटला.

१९९३ सालीं कॅलिफोर्नियांतील लिंडा डेमर व त्यांचे सहकारी यांना रोगट रोहिण्यांच्या चुनकट भागांत हाडाची वाढ घडविणारें प्रथिन सांपडलें. पुढें १९९७ सालीं, एका संरक्षक प्रथिनास मुकलेल्या उंदरांच्या रोहिण्या चुन्यानें भरून फुटतात व ते दोन महिन्यांच्या आंत मरतात, असें दिसून आलें. रक्तांत चुना नित्य असतोच. त्यास आवरणारे पहारेकरीही शरीरांतच असतात. रोहिणीच्या भिंतींत चरबी सांचून दाह झाला, कीं हा पहारा ढिला पडतो. मृत पेशींच्या कणांभोवतीं स्फटिक धरतात, आणि भिंतींतील स्नायुपेशी हाडाच्या पेशींसारख्या वागूं लागतात.

तेव्हां या विकाराचा दोष वाटीभर दुधास देणें योग्य नव्हे. धूम्रपान, वाढलेला रक्तदाब, मधुमेह आणि मूत्रपिंडाचे रोग हे त्याचे खरे साह्यकारी होत. एकदां बसलेला चुना विरघळविणारें खात्रीचें औषध अद्यापि हातीं आलेलें नाहीं. म्हणून पहारा ढिला पडण्यापूर्वींच सावध होणें शहाणपणाचें.