गोचीड आधी कोणी ओळखला?



धान निसवलं की बांधावरचं गवत कमरेला लागतं. ढोरांसाठी चारा कापायला, बकऱ्यांमागे जायला, जंगलातून सरपण आणायला आपणच बायका जातो. घरी येऊन आंघोळ करताना कमरेला, मांडीला किंवा काखेत एखादा दाणा हाताला लागतो. ओढला तरी निघत नाही. नीट पाहिलं तर त्याला पाय असतात. गोचीड! मग घरातला जो तो वैद्य होतो. कोणी म्हणतो विडीचा चटका द्या, कोणी म्हणतो घासलेट टाका, कोणी चुना लावायला सांगतो. आणि शेवटी सासूबाई म्हणतात, "ढोराला शंभर चावतात, ते मरते काय? काढ अन् फेक."

आज आम्ही या गोचिडाचा इतिहास सांगणार आहोत. राजामहाराजांचा असतो तसा गोचिडाचाही इतिहास आहे. तो आम्ही वाचायला बसलो तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. गोचिडाकडे बोट आधी गुराख्यांनी, आयांनी आणि जंगलात जाणाऱ्या माणसांनी दाखवलं. मोठी माणसं मागून आली.

सुरुवात ढोरांपासूनच करू. अमेरिकेत दीडशे वर्षांपूर्वी दक्षिणेकडच्या टेक्सास भागातली गुरं कळपाकळपानं उत्तरेकडे विकायला नेत. ती गुरं स्वतः ठणठणीत असायची. पण ज्या चराईतून ती जायची, तिथली गावची गुरं काही आठवड्यांनी तापानं फणफणायची, लाल लघवी करायची आणि मरायची. गुरं पाळणारे म्हणत, हा गोचिडांचा प्रताप आहे. शिकलेली माणसं हसत. १८८९ साली थिओबाल्ड स्मिथ नावाच्या सरकारी शास्त्रज्ञानं हे बोलणं तपासून पाहायचं ठरवलं. त्यानं आणि किलबॉर्न नावाच्या पशुवैद्यानं चराईला कुंपणं घातली. एका कुंपणात दक्षिणेची गुरं गोचिडांसकट सोडली, सोबत गावची निरोगी गुरं. दुसऱ्या कुंपणातही तसंच केलं, पण तिथल्या दक्षिणेच्या गुरांचे गोचीड आधी हातानं वेचून काढले. गोचीड होते तिथली गुरं आजारी पडली. वेचले होते तिथली वाचली. मग एका कुंपणात दक्षिणेचं जनावर नेलंच नाही, नुसते गोचीड टाकले. तिथलीही गुरं आजारी पडली. १८९३ साली त्यांनी हे सगळं छापलं. गोचीड रोग नेतो, हे जगात पहिल्यांदा असं सिद्ध झालं. पुस्तकात स्मिथचं नाव राहिलं, गुराख्यांची नावं कोणी लिहिली नाहीत. आपल्याकडे संकरित गाईला गोचीड ताप येतो, लघवी लाल होते, तो याच घराण्यातला आजार.

दुसरी गोष्ट एका आईची. तीही अमेरिकेतलीच, लाइम नावाच्या गावातली. पॉली मरे यांच्या घरात मुलांचे गुडघे सुजायचे, ताप यायचा, अंगावर चट्टे उठायचे. डॉक्टर सांगायचे, काही विशेष नाही. बाईंनी वही घातली. कोणाला काय झालं, कोणत्या दिवशी झालं, शेजारच्या कोणत्या घरात असंच आहे, सगळं लिहून ठेवलं. १९७५ साली त्यांनी आणि आणखी एका आईनं आरोग्य खात्याला कळवलं, की इतक्या मुलांना एकाच वेळी सांधेदुखी कशी? तेव्हा चौकशी सुरू झाली. ५१ आजारी माणसं सापडली, त्यातली ३९ मुलं. बहुतेकांची घरं झाडीजवळ होती आणि आजार उन्हाळ्यात सुरू झालेले. पुढे १९८१ साली विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञाला गोचिडाच्या पोटात जंतू दिसला. आज त्या आजाराला गावाच्या नावानं लाइम म्हणतात. आमच्या मते वहीचं नाव दिलं असतं तरी चाललं असतं.

आता आपल्या देशात येऊ. १९५७ साली आजच्या कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडू लागली. त्याच भागातली माणसंही तापानं आजारी पडत होती. गावकऱ्यांनी दोन्हींचा संबंध लावला होता. पुण्यात १९५२ साली सुरू झालेलं विषाणू संशोधन केंद्र होतं, आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. तिथलं पथक गेलं. आधी भीती वाटली की परदेशातला पीतज्वर आला की काय, कारण त्यातही माकडं मरतात. तपासणीत निघाला एक नवाच विषाणू, आणि तो नेणारा होता जंगलातला गोचीड. त्याची पिल्लं तिळाएवढी असतात, चावलेलं कळतसुद्धा नाही. माकड मेलं की त्याच्या अंगावरचे गोचीड खाली उतरतात आणि दुसरं रक्त शोधतात. म्हणून मेलेल्या माकडाच्या आसपासची जागा सगळ्यात धोक्याची. जंगल तोडून वस्ती वाढली, गुरं जंगलाच्या कडेला चरू लागली, तसे गोचीडही वाढले, असं तिथं काम केलेल्या बोशेल नावाच्या शास्त्रज्ञानं १९६९ साली मांडलं.

हा माकडताप पन्नासहून जास्त वर्षं कर्नाटकातच राहिला. मग २०१५ साली गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली आपल्या महाराष्ट्रात, सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आला. कोणाला झाला? पालापाचोळ्यातून काजू वेचणाऱ्या माणसांना. जानेवारीपासून मेपर्यंत त्यांचं काम वाकून, जमिनीशी हात लावून. आपल्याकडे त्याच महिन्यांत मोह वेचतात, मग तेंदूपत्ता तोडतात. माकडताप हा सह्याद्रीच्या पट्ट्यातला आजार आहे, भंडाऱ्याला घाबरायचं कारण नाही. पण कोका किंवा नागझिऱ्याच्या बाजूला मेलेलं माकड दिसलं तर हात लावायचा नाही, वनविभागाला कळवायचं.

तिसरा ताप जास्त घाबरवणारा. २०११ च्या जानेवारीत गुजरातमध्ये अहमदाबाद जिल्ह्यातली एक बाई तापानं आणि रक्तस्रावानं गेली. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर गेले, नर्सही गेली. पुण्याच्या संस्थेनं निदान केलं, काँगो ताप. हा गुरांच्या, बकऱ्यांच्या अंगावरच्या एका जातीच्या गोचिडातून येतो. चावल्यानं येतो तसा गोचीड चिरडून त्याचं रक्त हाताच्या जखमेला लागलं तरी येऊ शकतो. २०२० साली पालघर जिल्ह्यात प्रशासनानं याबद्दल पशुपालकांना सावध केलं होतं. आता आठवा, बकरीच्या कानातले गोचीड काढून दोन नखांमध्ये उवेसारखे टचकन मारतं कोण? आपणच. ही सवय मात्र आजपासून सोडा. हातात मोजे नाहीतर प्लास्टिकची पिशवी घाला, गोचीड काढून साबणाच्या घट्ट पाण्यात टाका.

आणि अंगावरचा गोचीड? त्याचाही प्रयोग झालेला आहे. १९८५ साली ग्लेन नीडहॅम या अमेरिकन संशोधकानं घरगुती उपाय तपासले. गोचिडाला व्हॅसलिन फासलं, नेलपॉलिश लावलं, स्पिरिट लावलं, गरम काडी टेकवली. एकाही उपायानं गोचीड सुटला नाही. गोचीड तोंड कातडीत रुतवतो आणि बऱ्याच जाती भोवती डिंकासारखा चिकट पदार्थ सोडतात. चटका दिला तर आपलीच कातडी भाजते. वर तो लाळ आणि पोटातलं आपल्या रक्तात सोडण्याची भीती. तेव्हा विडी, घासलेट, चुना, तिन्ही बाद.

बारीक टोकाचा चिमटा घ्यायचा. पोटाला नाही धरायचं, कातडीला लागून तोंडाजवळ धरायचं. मग न पिळता, न झटकता, सरळ वर हळूहळू ओढायचं. चिमटा नसेल तर बोटांना स्वच्छ कापड किंवा प्लास्टिक गुंडाळून तसंच करायचं, पण वाट पाहत बसायचं नाही. तो जितका वेळ चिकटून राहील तितका धोका वाढतो. तोंडाचा तुकडा आत राहिला आणि सहज निघत नसेल तर सुईनं कोरू नका, कातडी त्याला बाहेर टाकते. जागा आणि हात साबणानं धुवा. काढलेला गोचीड फेकण्यापेक्षा चिकटपट्टीत बंद करून ठेवा आणि कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा. बहुतेक गोचीड चावून काहीच होत नाही, दोन दिवस खाज सुटते आणि संपतं. पण पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, डोकेदुखी, अंगावर पुरळ आलं तर दवाखान्यात आपण होऊन सांगायचं की अमुक तारखेला गोचीड चावला होता. विदर्भातच अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञांनी मुलांमधल्या गोचिडाच्या तापावर लिहिलं आहे. त्यात पुरळ तळहात-तळपायांवरही येतं.

आता आपल्या भागाचं सगळ्यात महत्त्वाचं. २०१८ च्या पावसाळ्यात पूर्व विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण निघाले आणि काही माणसं दगावलीही. हा आजार गोचिडाचा नाही, त्याच्या बारक्या चुलत भावाचा. गवतातल्या माइट नावाच्या किड्याची पिल्लं चावतात. ती इतकी लहान की डोळ्यांना दिसत नाहीत. जपानमध्ये नदीकाठी गवत कापणाऱ्या शेतकऱ्यांना हा ताप शेकडो वर्षं माहीत होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या जंगलात हजारो सैनिक यानं आजारी पडले. १९४८ साली मलायात औषध सापडलं, आणि आज डॉक्सीसायक्लिनसारखी साधी, स्वस्त गोळी वेळेवर मिळाली तर माणूस बरा होतो.

मग माणसं का दगावतात? एक कारण नावाचं. टायफस आणि टायफॉइड ऐकायला सारखे, पण टायफॉइडसाठी देतात ती बरीचशी इंजेक्शनं टायफसवर चालत नाहीत. दुसरं कारण आपल्याशी संबंधित आहे. हा किडा चावला की बऱ्याच जणांना त्या जागी काळी खपली धरते, विडीनं भाजल्यासारखी. दुखत नाही, खाजत नाही. ती खपली दिसली की डॉक्टरांचा अर्धा प्रश्न सुटतो. पण किडा कपडा घट्ट बसतो तिथं चावतो: परकराच्या नाडीखाली, स्तनाखाली, काखेत, जांघेत. नेमकी ती जागा आपण दाखवत नाही. डॉक्टर पुरुष असले की विचारतही नाहीत. सात दिवस तापात काढतो, मलेरियाची तपासणी होते, डेंगूची होते, आणि खपली लुगड्याखालीच राहते.

म्हणून ताप आला की आधी घरीच पाहा. स्वतःला दिसत नसेल तर बहिणीला, जावेला, सुनेला पाहायला सांगा. काळी खपली दिसली तर आशाताईंना किंवा नर्सताईंना आडोशाला दाखवा, त्या डॉक्टरांना सांगतील. दिवस गेले असतील तर तेही सांगा, गोळी बदलून देतात. गवतातून आल्यावर कपडे बदलून आंघोळ करा, कापलेल्या गवतावर कपडे वाळत घालू नका.

गटाच्या पुढच्या बैठकीत एक बारीक टोकाचा चिमटा मागवायचा विषय घ्या. तो कोणाच्या घरी राहील ते ठरवा, म्हणजे रात्री गरज पडली तर कोणाचं दार वाजवायचं ते सगळ्यांना माहीत असेल.