पावसात दिलेला चषक

दक्षिण आफ्रिकेतील दरबान शहरच्या एका गरीब हिंदी कुटुंबात जन्मलेले सेवसंकर ऊर्फ पापवा सेवगोलम शाळेची पायरी चढले नाहीत. गोऱ्या खेळाडूंच्या काठ्यांच्या पिशव्या वाहता वाहता ते गोल्फ शिकले. डावा हात उजव्याच्या खाली धरण्याची त्यांची रीत शास्त्राला सोडून होती. परंतु याच रीतीने त्यांनी १९५९, १९६० व १९६४ साली हॉलंडची खुली स्पर्धा जिंकली.

१९६३ साली स्वतःच्याच शहरी त्यांनी नाताळ प्रांताची खुली स्पर्धा जिंकली. तेथील क्लबगृहात बिगरगोऱ्यांस प्रवेश नव्हता. गोरी मंडळी आत बसली आणि विजेत्यास चषक बाहेर, भर पावसात देण्यात आला! १९६५ साली त्यांनी तेथेच गॅरी प्लेअर या जगप्रसिद्ध खेळाडूस हरविले. पुढे सरकारने गोऱ्यांच्या स्पर्धांची दारेच त्यांना बंद केली. १९७८ साली ते निवर्तले. नंतर दरबानच्या एका गोल्फ मैदानास त्यांचे नाव देण्यात आले.

ज्ञातिबांधवहो, या अन्यायाचा आपणांस संताप येतो, तो योग्यच होय. परंतु जन्म पाहून कोणास उंबरठ्याबाहेर उभे करण्याचे पाप आपल्या हातून तर घडत नाही ना, हेही प्रत्येकाने स्वतःस विचारावे.