दत्तकपण : दुष्काळापासून कायद्यापर्यंत

पौलाच्या पत्रांतील दत्तकपणाविषयी आपण व्यासपीठावरून पुष्कळदा बोलतो. परंतु या देशातील ख्रिस्ती माणसाला प्रत्यक्ष दत्तक घेण्याचा हक्क फार उशिरा मिळाला, याचे स्मरण क्वचितच होते.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. पांढुर्णा व सौंसर ही गावे तेव्हा याच प्रांतात होती. ज्यांचे आईवडील १८७४ च्या सुमारास दुष्काळातच निवर्तले होते, त्या पंडिता रमाबाई या प्रांतात आल्या आणि सुमारे तीनशे मुली व विधवांना घेऊन परतल्या. केडगाव येथे त्यांना अन्नाबरोबर शिक्षणही मिळाले. रमाबाईंनी अमेरिकेत फ्रोबेलच्या बालोद्यान-पद्धतीचा अभ्यास केला होता, हे येथे ध्यानात घ्यावे.

तथापि आश्रम घराची जागा घेऊ शकतो काय? या शतकाच्या आरंभी बुखारेस्ट येथे नेल्सन, फॉक्स व झीना यांनी संस्थांतील १३६ बालकांचा अभ्यास हाती घेतला. चिठ्ठ्या टाकून त्यांपैकी निम्म्या बालकांना कुटुंबांत ठेवण्यात आले. संस्थेत राहिलेल्यांपेक्षा त्यांची बुद्धी व जिव्हाळा जडण्याची शक्ती अधिक वाढली. वयाच्या दुसऱ्या वर्षापूर्वी घर मिळालेल्यांना विशेष लाभ झाला. विलंबाची किंमत बालक भरते, असा याचा अर्थ होय.

आपल्याकडे हा विलंब कायद्यातच होता. १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांच्यापुरता होता. ख्रिस्ती दांपत्यास १८९० च्या पालक व पाल्य कायद्यान्वये केवळ पालकत्व मिळे. मूल सज्ञान होताच तेही संपे, आणि पुत्राचा वा कन्येचा वारसाहक्क त्यास लाभत नसे. घरी लेकरू, कायद्यात परके! २००० चा बाल न्याय कायदा व २००६ ची दुरुस्ती यांनी वाट मोकळी केली. कोणत्याही धर्माच्या व्यक्तीस या कायद्याने दत्तक घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले. २०२१ च्या दुरुस्तीनंतर दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात.

म्हणून धर्मगुरू व धर्मशिक्षक यांनी एक सावधगिरी बाळगावी. टाकून दिलेले मूल दयेपोटी परस्पर कोणाच्या ओटीत घालू नये. २०१५ च्या कायद्याने तो अपराध आहे. बालकल्याण समितीस कळवावे, आणि निपुत्रिक दांपत्यास रीतसर नोंदणीची वाट दाखवावी. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आपण लिहिलेले आईबापांचे नाव कायद्यातही टिकावे, एवढे त्या लेकराचे आपल्यावर ऋण आहे.