कुलूपबंद अक्षरे

आमचे गुरुजी वारल्याला वर्ष होत आले होते. एके दिवशी सकाळी त्यांच्या पत्नी घरी आल्या, आणि पदराची गाठ सोडून त्यांनी एक पेनड्राइव्ह माझ्या हातावर ठेवला. म्हणाल्या, "भावजी, ह्यांनी म्हातारपणी जे काही केलं ते म्हणे सगळं ह्याच्यात हाये. पोरं म्हणतेत उघडत नाही, फेकून द्या. तुम्ही एकदा बघा."

गुरुजी हिंगोलीत शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर माणसे शेत घेतात, नाहीतर वारीला जातात. गुरुजींनी एक साधा कॅमेरा घेतला आणि सेनगाव, औंढा, कळमनुरी ह्या भागांत घरोघर फिरून जुन्या पोथ्यांची छायाचित्रे काढण्याचा छंद लावून घेतला. सेनगावकडच्या एका घरातली पोथी त्यांच्या विशेष मनात भरली होती. तिची लिपी देवनागरीसारखी दिसे, पण वाचता येत नसे. त्या घरचे म्हातारे वारले. वाचता न येणारी पोथी घरात ठेवणे बरे नव्हे, असे कोणीतरी सांगितले आणि मुलांनी ती कयाधूला अर्पण केली. नरसीचा नामदेव ज्या नदीच्या काठचा, तिच्याच पाण्यात पोथी गेली. आता ती कोठे असलीच तर माझ्या तळहातावरच्या ह्या बोटभर वस्तूत होती.

लॅपटॉपला जोडताच पडद्यावर कुलपाचे चित्र उमटले आणि पासवर्ड मागितला गेला. गुरुजींचे गाव, जन्मसाल, नातीचे नाव, सगळे घालून पाहिले. कुलूप हलले नाही. बाजारातल्या दुकानात नेले, तर तेथल्या पोराने क्षणभर पाहून निर्णय दिला, "काका, फॉरमॅट मारून देतो. नव्यासारखा होईल." मी विचारले, आतले काय होईल? तो म्हणाला, "आतलं जाईल ना!" घर उघडत नाही म्हणून पाडून देण्याची ही तयारी पाहून मी पेनड्राइव्ह खिशात घातला आणि परत आलो.

वाचकांपैकी काहींना ह्या वस्तूची माहिती असेल, तरी थोडे सांगतो. हिच्या पोटातली फ्लॅश स्मृती ही तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका ह्या जपानी तंत्रज्ञाची कल्पना. ती त्याने १९८४ साली जगापुढे मांडली. बोटाएवढ्या कांडीत ती भरून विकण्यास २००० साली आरंभ झाला. तिच्यावर पासवर्डचे कुलूप घालण्याची सोय विंडोजमध्ये २००९ पासून आली. हे कुलूप दारावर लावलेले नसते. आतले प्रत्येक अक्षरच दुसऱ्या रूपात बदलून ठेवलेले असते. दार फोडून आत गेलात तरी हाती लागतो तो निरर्थक अंकांचा ढीग. साध्या प्रकारच्या कुलपाची किल्ली १२८ बिटांची, म्हणजे शक्य किल्ल्यांची संख्या ३९ आकडी. सेकंदाला एक अब्ज किल्ल्या लावून पाहणारे यंत्र आणले, तरी त्या साऱ्या संपेपर्यंत विश्वाचे आजचे १३८० कोटी वर्षांचे वयही क्षणासारखे वाटावे.

अक्षरांनाच कुलूप घालण्याचा हा उद्योग मराठीला मात्र नवा नाही. गुरुजींची ती न वाचता येणारी पोथी कशाची असावी ह्याचा मला अंदाज होता, म्हणून पेनड्राइव्ह उघडेना तेव्हा मी पुस्तके उघडली.

चक्रधरस्वामींचा महानुभाव पंथ तेराव्या शतकातला, यादवांच्या काळातला. स्वामींनी धर्म सांगितला तो लोकांच्या बोलीत, मराठीत. म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करून शके १२०० च्या, म्हणजे १२७८ च्या सुमारास 'लीळाचरित्र' सिद्ध केले. केशिराजबासांनी स्वामींची वचने निवडून 'सूत्रपाठ' रचला. आणि बाईबापड्यांना कळावे म्हणून जे मराठीत सांगितले गेले, तेच पुढच्या शतकात पंथाने कुलपात घातले! 'सह्याद्रिवर्णन' लिहिणाऱ्या रवळो व्यासांनी सकळ लिपी बसवली, असे परंपरा सांगते. तिच्यामागून सुंदरी, वज्र, अंक अशा आणखी कितीतरी लिप्या निघाल्या. पण चालली ती सकळच. हिची रीत अशी की देवनागरीतल्या एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर किंवा चिन्ह लिहावयाचे. ज्याला तक्ता पाठ, त्याला ती सरळ मराठी. इतरांना मात्र ओळखीच्या चेहऱ्यांचा परका गाव.

असे का केले? पवित्र वचन अनधिकाऱ्याच्या हाती पडू नये, हे कारण नेहमी दिले जाते. त्यात राजकीय धामधुमीची भीती मिसळलेली असावी असे मला वाटते. 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत एका धाडीत गेली आणि अनुयायांनी आठवून आठवून ती पुन्हा उभी केली, अशी पंथाची आठवण आहे. एकदा हात पोळलेला माणूस पेटीला दोन कुलपे लावतो.

कारण काहीही असो, कुलूप पाचसहा शतके टिकले. पंथ विदर्भ-मराठवाड्यातून पंजाबात गेला, तिकडे जयकृष्णी म्हणून ओळखला गेला. पोथ्याही गेल्या आणि पंजाबातल्या मठांत सकळ लिपीतले मराठी नांदू लागले. इकडे महाराष्ट्रात मात्र ह्या कुलपाची किंमत पंथाला मोजावी लागली. ज्याचे ग्रंथ वाचता येत नाहीत त्याच्याविषयी लोक काहीही बोलतात. आपण आजही सहज 'मानभावीपणा' म्हणतो. एका पंथाच्या नावाची भाषेने ढोंग ह्या अर्थी केलेली ही नोंद आहे, हे बोलताना कोणाच्या मनातही येत नाही.

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी ह्या सांकेतिक लिपीचा उलगडा केला. वि. ल. भाव्यांनी 'महाराष्ट्र सारस्वता'च्या १९१९ च्या आवृत्तीत महानुभावांच्या वाङ्मयाला जागा दिली. मागून यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने आणि वि. भि. कोलते ह्यांनी आयुष्ये खर्च केली. एकास एक अक्षर बदलणारी लिपी बुद्धीच्या जोरावर फुटू शकते. कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजून गुप्तलेख कसा वाचावा, हे बगदादच्या अल-किंदीने नवव्या शतकातच लिहून ठेवले आहे. पण लिपी फुटली तरी पोथी हाती यावी लागते. ती पंथातल्या महंतांनी बासनातून काढून दिली तेव्हाच बाकीचे सारे झाले. राजवाड्यांची बुद्धी आपण गातो. त्या महंतांना मठात काय ऐकून घ्यावे लागले असेल, त्याचा इतिहास कोणी लिहिला नाही.

किल्ली दुसऱ्या रीतीनेही मिळते, आणि त्याचे उदाहरण नेमके आमच्या हिंगोलीचे आहे. निजामाच्या पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेची छावणी येथे होती. त्या छावणीच्या बाजारात हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित कापडव्यापारी राहत असे. मुंबईहून माल आणावयाचा आहे म्हणून त्याने अधिकाऱ्यांकडून रीतसर परवाना घेतला. वाटेत दुसऱ्याच एका व्यापाऱ्याला माणसांसकट ठार केले, त्याचे कापड त्या परवान्यावर हिंगोलीत आणले आणि छावणीतच उघड विकले. हरिसिंग ठगांचा म्होरक्या होता. ही हकीकत मेडोज टेलरने १८३९ सालच्या आपल्या ठगांवरील कादंबरीच्या प्रस्तावनेत दिली आहे. छावणीच्या पहाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर पुरलेली प्रेते उकरताना आपण स्वतः हजर होतो, असेही तो सांगतो.

ह्या लोकांची 'रामसी' नावाची सांकेतिक बोली होती. तीत 'बनिज' म्हणजे माल, आणि माल म्हणजे मारावयाचा वाटसरू. चारचौघांत बोलले तरी ऐकणाऱ्याला व्यापाराचीच गोष्ट वाटावी. स्लीमनने ह्या बोलीचा कोश १८३६ साली कलकत्त्यास छापला. किल्ली कोठून मिळाली? माफीच्या साक्षीदारांकडून. ज्याच्या मानेभोवती दोर आहे तो साहेबाला हवे ते सारे शब्द सांगेल, आणि कमी पडले तर चार नवेही करील. म्हणूनच अलीकडचे इतिहासकार स्लीमनचे ठगपुराण जपून वाचतात. हिंगोलीचे मुडदे खरे होते ह्यात शंका नाही. कोशातला प्रत्येक शब्द तितका खरा असेलच असे नाही.

असो. महंतांनी विश्वासाने दिली तशी आमच्या कुलपाची किल्ली कोणी द्यावी? जो देणार तो तर गेलेला. मी वहिनींना विचारले, गुरुजी काही लिहून ठेवीत का? त्या म्हणाल्या, "लिहायचे की! दुधाचा हिशेबसुद्धा लिहायचे." दुधाच्या त्या वहीतच, शेवटच्या पानावर, आकड्यांच्या आठ जुड्या सापडल्या. प्रत्येक जुडी सहा आकड्यांची; एकूण अठ्ठेचाळीस. पासवर्ड विसरल्यास उपयोगी पडावी म्हणून संगणक ही राखीव किल्ली कुलूप घालतानाच देतो आणि जपून ठेवा म्हणतो. गुरुजींनी ती जपली होती, पण पानावर चहा सांडला होता. पाचव्या जुडीतला तिसरा आकडा १ की ९ हे कळेना. गुरुजींचे हे दोन देवनागरी आकडे एरवीही जुळ्या भावांसारखे.

दोन्ही घालून पाहिले असते तर दोन मिनिटांचे काम होते. पण ह्या किल्लीची एक गंमत मी वाचली होती, ती पडताळून पाहण्याचा मोह झाला. तिच्या प्रत्येक जुडीला ११ ने निःशेष भाग जातो. नकलताना चूक झाली तर लगेच कळावी, हा हेतू. आमची जुडी ५२_४०८. एकाआड एक आकड्यांची बेरीज करा: दोन, चार, आठ मिळून १४. दुसऱ्या बाजूला पाच, शून्य आणि तो पुसलेला. ९ घेतला तर १४ होतात आणि मेळ बसतो. १ घेतला तर ६, फरक ८, भाग जात नाही. कसर लागलेल्या ओवीतले गेलेले अक्षर छंदावरून ओळखावे, तसे ते ९ हाती आले.

कुलूप उघडले. चारशेहून अधिक छायाचित्रे! मी उत्साहाने त्यांना नावे देऊ लागलो, तर संगणकाने ठणकावले की ह्या वस्तूवर लिहिण्यास बंदी आहे. हे निराळेच कुलूप. फ्लॅशच्या पेशी ठराविक वेळाच लिहून-पुसून घेतात. त्या झिजल्या की पुष्कळदा आतली नियंत्रक चिप लिहिणे कायमचे बंद करते. आहे ते वाचा, पण हात लावू नका. ही सूचना मानून मी सारे निमूट दुसरीकडे उतरवून घेतले. दोन कुलपे, पण स्वभाव किती वेगळे! एक वाचू देत नाही, दुसरे बदलू देत नाही.

सकळ लिपीने मराठीसाठी ही दोन्ही कामे केली असे विद्वान म्हणतात. ज्ञानेश्वरी उघडी राहिली, हातोहात नकलली गेली, इतकी की शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांना ती शुद्ध करण्यास बसावे लागले. महानुभावांची यादवकालीन मराठी मात्र कुलपात राहिल्याने ताजी राहिली. ह्यात तथ्य आहे, पण मला ते पूर्ण पटत नाही. 'लीळाचरित्रा'च्या प्रतीप्रतींत पाठभेद आहेतच. आणि ज्ञानेश्वरी शुद्ध करण्याची गरज पडली ती लोक तिला वाचत होते म्हणून. सेनगावची पोथी शुद्ध राहिली आणि नदीत गेली.

छायाचित्रे घेऊन मी पंथातल्या एका वृद्ध साधूंकडे गेलो. 'दंडवत प्रणाम' झाला. सकळ लिपीचे तक्ते आता छापील मिळतात आणि तो समोर ठेवून मी तीन दिवसांत दीड पान लावले होते. बाबांनी चष्मा पुसला आणि वर्तमानपत्र वाचावे तसे वाचू लागले. माझ्या दीड पानात सात चुका निघाल्या. गुरुजींना वाटत होते की हे एखादे अज्ञात काव्य असावे. ते तसे नव्हते. ती 'सूत्रपाठा'तल्या 'आचार' प्रकरणाची प्रत होती. तो ग्रंथ कधीच छापून झाला आहे आणि अभ्यासकांना ह्या प्रतीचे फारसे नवल वाटणार नाही. मला थोडे वाईट वाटले. बाबांना अजिबात वाटले नाही. ते वाचतच होते.

शेवटच्या पानाच्या कोऱ्या भागावर मात्र निराळ्या हाताने, मोडीत, चार ओळी होत्या. ती लिपी मला येते. घरातल्या कोणी पूर्वजाने कागद वाया कशाला घालवा म्हणून तेथे जोंधळ्याचा हिशेब मांडला होता. तीन असामींना धान्य उसने दिले, प्रत्येकी एक मण. पहिल्या दोघांच्या नावांपुढे फेडल्याची खूण आहे. तिसऱ्याच्या नावापुढे नाही.

वहिनींना हे सांगितले, तेव्हा त्यांनी तिसऱ्याचे आडनाव विचारले. मी सांगितले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ते लोक अजूनबी तसेच हायेत."