मोठ्या मुक्कामांचा मुशाफिर

आपल्याकडे पत्ता लिहिताना सुरुवातीला ‘मु. पो.’ लिहिण्याची पद्धत आहे. मुक्काम आणि पोस्ट. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गेल्या, त्यालाही कागदावर आपण मुक्कामच म्हणतो. प्रवासाचा इतिहास वाचताना मला या शब्दाची पुन्हा पुन्हा आठवण होते. जुना प्रवासी किती कोस चालला यापेक्षा तो कुठे किती दिवस राहिला, यावरून त्याची खरी ओळख पटते. चार दिवसांत सात गावं बघून परत येतो, तो सहलीला गेलेला. ज्याला वाटेतच पोटाची सोय लावावी लागते, दुखणं काढावं लागतं, ज्याच्या डोक्यावर परमुलखात कर्ज होतं, जो तिथेच संसार थाटतो आणि मोडतोही, तो लांबचा प्रवासी. असा एक मुशाफिर आपल्या महाराष्ट्रातूनही जाऊन गेला. त्याचं नाव इब्न बतूता.

त्याचा जन्म १३०४ साली मोरोक्कोतल्या टँजियर गावी झाला. घराणं काझींचं. जून १३२५ मध्ये, एकविसाव्या वर्षी, तो हजला म्हणून एकटाच घराबाहेर पडला. आईवडील हयात होते आणि त्यांना सोडून जाणं जड गेलं, असं त्याने स्वतःच सांगून ठेवलं आहे. पहिल्या काही आठवड्यांतला एक प्रसंग फार बोलका आहे. काफिला ट्युनिसला पोचला, गावकरी वेशीबाहेर आले, ज्याचे त्याचे ओळखीचे लोक गळाभेटी घेऊ लागले. याला विचारणारं कुणीच नव्हतं. त्याला रडू कोसळलं. ते पाहून बरोबरचा एक यात्रेकरू जवळ आला आणि गावात शिरेपर्यंत त्याच्याशी बोलत राहिला. जगातला एक मोठा प्रवासी म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, त्याची सुरुवात ही अशी झाली.

मग हा माणूस जवळजवळ २४ वर्षं बाहेर राहिला कसा? पैसा तर फारसा नव्हता. पण दोन गोष्टी जवळ होत्या : अरबी भाषा आणि धर्मशास्त्राचं शिक्षण. मोरोक्कोपासून मालदीवपर्यंत कुठल्याही मुसलमानी राज्यात काझी लागायचाच. ट्युनिसमधून निघतानाच त्याला काफिल्याचा काझी नेमलं गेलं. शिवाय वाटेवर मदरसे होते, फकिरांचे मठ होते, तिथे वाटसरूला जेवण आणि पाठ टेकायला जागा मिळे. आजच्या तुर्कस्तानात ‘अखी’ नावाच्या कारागीर तरुणांच्या मंडळ्या होत्या. एका गावात अशा दोन मंडळ्यांनी त्याच्या घोड्याचा लगाम धरला आणि आपसांत सुऱ्या उपसल्या. भाषा कळत नव्हती, त्यामुळे हे दरोडेखोरच असावेत असं त्याला वाटलं. भांडण होतं ते पाहुणा आधी कुणाकडे उतरणार याचं!

१३३३ च्या सप्टेंबरात तो सिंधू नदीवर पोचला. तिथली डाक पाहून तो थक्क झाला. सिंधहून दिल्लीला माणसाला जायला ५० दिवस लागत, पण सुलतानाच्या हेरांची पत्रं पाच दिवसांत पोचत. प्रत्येक मैलात तीन चौक्या होत्या. हातातल्या काठीला घुंगरं बांधलेला जासूद धावत यायचा आणि आवाज ऐकून पुढचा तयार राहायचा. कोण परका आला आहे, तो दिसतो कसा, बरोबर काय आणलं आहे, ही सगळी खबर माणसाच्या आधी दरबारात हजर असे. डाक धावत होती आणि माणसं चालत होती.

दिल्लीच्या तख्तावर तेव्हा महंमद तुघलक होता. परदेशी विद्वानांवर त्याची मर्जी असे. बतूताला काझी नेमून त्याने वर्षाला १२ हजार दिनार पगार ठरवून दिला. पण दरबारी राहणी महाग. सुलतानाला नजराणा द्यायचा तर आधी सावकाराकडून उसनं घ्यायचं, असा तिथला रिवाज होता. बघता बघता कर्ज ५५ हजारांवर गेलं. सुलतानाच्या स्तुतीचं काव्य रचून त्याने ते सरकारी खजिन्यातून फेडून घेतलं. इथपर्यंतची हकिगत वाचली तर तुघलक म्हणजे कर्णाचा अवतारच वाटतो.

बतूता महिनाभर राहून पुढे गेला असता तर एवढंच लिहून गेला असता. पण तो दिल्लीच्या चाकरीत सुमारे आठ वर्षं राहिला. त्या वर्षांत त्याने दरबाराच्या दाराशी टाकलेली प्रेतं पाहिली. शेख शिहाबुद्दीन नावाच्या एका सत्पुरुषाने सुलतानाला जुलमी म्हटलं आणि ते मागे घ्यायला नकार दिला, तेव्हा त्याला ठार करण्यात आलं. बतूता पूर्वी या शेखला भेटायला गेला होता. त्यामुळे त्याच्यावरही पहारा बसला. त्या पहाऱ्याचा अर्थ दिल्लीत सगळ्यांना ठाऊक होता. तो उपास धरून कुराण वाचत राहिला. वाचला, पण नंतर होतं नव्हतं ते वाटून टाकून काही महिने फकिरासारखा राहिला. त्याच्या ग्रंथातला तुघलक एकाच वेळी उदार आणि भीतिदायक आहे. इतिहासकारांना तो मोलाचा वाटतो तो यासाठी. ही दुसरी बाजू दिसायला मुक्कामच मोठा हवा.

याच्या उलट उदाहरण आपल्याच भागाचं आहे. १३४२ साली सुलतानाचा वकील म्हणून चीनला निघालेला बतूता दौलताबादवरून गेला. दिल्लीपासून ४० दिवसांची वाट. द्राक्षं, डाळिंबं, गाणाऱ्या-बजावणाऱ्यांचा खास बाजार, किल्ल्याच्या अंधारकोठडीतले मांजराहून मोठे उंदीर, असं सगळं त्याने नोंदलं आहे. नंदुरबारचे मराठे कसबी कारागीर, वैद्य आणि ज्योतिषी आहेत, भात, भाजी आणि तिळाचं तेल हा त्यांचा आहार, जवळच्या नात्यात ते सोयरीक करत नाहीत, असंही तो सांगतो. माहिती सुंदर आहे, पण ती वाटेवरून दिसलेली आहे. इथल्या सरदारांच्या मनात काय शिजत होतं, ते जाता जाता कळणारं नव्हतं. पुढे पाचच वर्षांनी, १३४७ मध्ये, याच दौलताबादेत बहमनी राज्य उभं राहिलं.

त्याच्या प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवावा असं मात्र नाही. टिपणं वाटेत लुटली गेली होती. १३५५ साली मोरोक्कोच्या सुलतानाच्या आज्ञेवरून त्याने सगळं आठवून सांगितलं आणि इब्न जुझय्य या लेखकाने ते उतरवून घेतलं. दमास्कससारख्या शहरांची काही वर्णनं तर दीडशे वर्षांपूर्वीच्या इब्न जुबैर या प्रवाशाच्या ग्रंथातून उचललेली आहेत. चीनचा भाग काही अभ्यासकांना संशयास्पद वाटतो. पण जिथे तो राहिला, कमावलं, घाबरला, तिथला मजकूर वाचताना फरक लगेच जाणवतो.

आता या हिशेबाची खर्चाची बाजू. १३२६ साली दमास्कसला त्याने एक लग्न केलं होतं. निघाला तेव्हा बायको गरोदर होती. मुलगा झाल्याचं त्याला हिंदुस्थानात कळलं, तेव्हा त्याने मुलाच्या आजोबांकडे सोन्याचे ४० दिनार पाठवले. १३४८ मध्ये दमास्कसला परतल्यावर त्याने पहिली चौकशी मुलाची केली. मुलगा जाऊन १२ वर्षं झाली होती. तिथेच टँजियरचा एक गृहस्थ भेटला. त्याच्याकडून कळलं की वडील १५ वर्षांपूर्वीच वारले, आई मात्र आहे. म्हणजे सिंधूकाठी बतूता डाकेचं कौतुक करत होता, साधारण त्याच सुमारास टँजियरला बाप गेला होता. त्यानंतर तो आणखी एकदा मक्केला जाऊन मग घराकडे वळला. प्लेगची साथ जोरात होती. १३४९ साली मोरोक्कोत शिरल्यावर, घर काही मजलांवर राहिलं असताना, आई साथीत गेल्याची बातमी आली. टँजियरला त्याने आईच्या कबरीचं दर्शन घेतलं. त्या दमास्कसच्या बाईला हा प्रवास कसा दिसला असेल, ते मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही. मालदीवमध्ये आणि इतरत्र मागे राहिलेल्या बायकांचं, विकत घेऊन बरोबर नेलेल्या दासींचंही तसंच.

पुढे स्पेन आणि मालीची वारी करून त्याने उरलेलं आयुष्य मोरोक्कोतच काझी म्हणून काढलं. एक लाख किलोमीटरहून अधिक प्रवास त्याच्या नावावर मांडला जातो. मला मात्र दुसरेच आकडे आठवत राहतात. सुलतानाचं पत्र सिंधहून दिल्लीला पाच दिवसांत पोचत होतं आणि बापाच्या मृत्यूची बातमी मुलापर्यंत पोचायला १५ वर्षं लागली. आज ती क्षणात पोचते. आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुलं दूरदेशी आहेत आणि फोनच्या पडद्यावर अंत्यदर्शन घेणारेही आपण पाहिले आहेत. बातमी धावते. माणसाला मात्र अजून रजा लागते, तिकीट लागतं, व्हिसा लागतो आणि तोवर घर थांबत नाही. लांबच्या मुक्कामाने काय दिलं, हे सगळेच प्रवासी सांगतात. काय गेलं, तेही बतूताने सांगितलं, म्हणून पावणेसातशे वर्षांनंतरही तो ओळखीचा वाटतो.