निर्वासित ज्यूंना कुणी दार उघडलं?

ज्यूंच्या छळाचा इतिहास वाचताना आम्ही हिटलरपाशीच थांबतो. जे निसटले त्यांना कुणी जागा दिली, हे विचारत नाही. जुलै 1938 मध्ये फ्रान्समधल्या एव्हियांला 32 देश जमले. हळहळ सर्वांनी व्यक्त केली. पण डोमिनिकन रिपब्लिकचा अपवाद सोडला तर दार उघडायला जवळपास कुणीच तयार नव्हतं. (अशी हळहळ आम्हाला नवी नाही.)

व्हिएन्नात अंध मुलांना कला शिकवणारे व्हिक्टर लोवेनफेल्ड कुटुंबासह निसटले आणि 1939 मध्ये व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन इन्स्टिट्यूटमध्ये रुजू झाले. गुलामीतून सुटलेल्यांसाठी 1868 मध्ये उभी राहिलेली ही संस्था. बऱ्याच गोऱ्या विद्यापीठांत ज्यूंना जागा मिळणं कठीण होतं. असे सुमारे 50 निर्वासित प्राध्यापक कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांत शिकवायला आले. म्हणजे ज्यांना बसमध्येही मागे बसावं लागे, त्यांच्या संस्थांनी यांना आसरा दिला. यात उपकारकर्ता कोण, ते आपणच ठरवावं.

लोवेनफेल्ड विद्यार्थ्यांना सांगत, स्वतःचं जगणं रंगवा. प्लंबिंग शिकायला आलेला जॉन बिगर्स त्यांच्या वर्गात चित्रकार झाला. पुढे 1949 मध्ये त्याने ह्यूस्टनच्या कृष्णवर्णीय विद्यापीठात कला विभाग उभा केला.